‘नाही’ म्हणणारे गाणे



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषय होऊन गेले आहेत. त्या पंक्तीत आज आम्ही एका सहा मिनिटांच्या लोकप्रिय इंग्रजी गाण्याला पाट मांडीत आहोत. ‘या पोरखेळाला येथे काय काम?’ असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्तही आहे. परंतु एखादी वस्तू लाखो लोकांना प्रिय होते तेव्हा ‘लोकांना काय कळते?’ एवढे म्हणून तिच्यावरून पुढे जाणे, हेही विद्वत्तेचे लक्षण नव्हे. लोकांना काय कळते, याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही हे गाणे निवडले आहे. या गाण्याच्या बाबतीत असे घडले की, ज्यांनी ते रचले त्यांना ते कळण्याआधी ते दुसऱ्यांनाच कळले.

गाण्याचे नाव ‘आय अॅम नॉट इन लव्ह’, म्हणजे ‘मी काही प्रेमात पडलेलो नाही’. ते गाणारे चौघे इंग्रज ‘टेन सीसी’ या नावाने गात असत. साल १९७५.

प्रथम या गाण्याची जात सांगितली पाहिजे. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत विजेच्या गिटारींचा आणि ढोलांचा जो गदारोळ उठला, तो रॉक संगीत या नावाने सर्वांच्या परिचयाचा आहे. तरुणांचे बंड त्या कोलाहलातून बोलत होते. पण माणूस आयुष्यभर बंडात राहत नाही. तरुणांची लग्ने झाली, नोकऱ्या लागल्या, आणि त्याच वाद्यांतून हळू, गोड, आर्जवी सूर निघू लागले. यालाच ‘सॉफ्ट रॉक’ म्हणजे मृदू रॉक असे नाव पडले. अमेरिकेत १९७० साली कार्पेंटर्स या भावाबहिणींचे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हापासून या प्रकाराने चांगलेच बाळसे धरले. टीकाकारांनी मात्र त्याला कधी फारसे जवळ केले नाही. हे गाणे कारकुनाने कामावर जाताना ऐकावे, गृहिणीने स्वयंपाक करताना ऐकावे, आणि विसरून जावे, अशीच त्यांची भावना होती. श्रोत्याची ही प्रतिष्ठा ध्यानात ठेवा. पुढे तिच्याशी आपल्याला काम आहे.

दुसरा शब्द ‘सिंगल’. मोठ्या तबकडीवर दहाबारा गाणी असत; तिच्यातले एखादे निवडून लहान तबकडीवर स्वतंत्रपणे विकीत, तिला सिंगल म्हणत. ती मिनिटाला ४५ फेऱ्या घेई आणि तिच्या एका अंगावर साधारणपणे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे असे. या लहान तबकड्यांच्या खपावरून दर आठवड्याला क्रमवारी लागे. आपल्याकडे रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेली बिनाका गीतमाला ज्यांनी कान टवकारून ऐकली आहे, त्यांना या क्रमवारीची गोडी समजावून सांगावी लागणार नाही.

आता त्या चौघांकडे वळू. एरिक स्टुअर्ट, ग्रॅहम गोल्डमन, केव्हिन गोडली आणि लोल क्रीम अशी त्यांची नावे. मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्ट नावाचे गाव आहे, टोप्या बनविण्याच्या धंद्यासाठी एके काळी प्रसिद्ध असलेले. तेथे ‘स्ट्रॉबेरी’ नावाचा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता. स्टुअर्ट आणि गोल्डमन हे त्या स्टुडिओचे भागीदारही होते. ही गोष्ट महत्त्वाची आहे; कारण तासाच्या भाड्यावर जागा घेणाऱ्या गवयाला जो वेळ मिळत नाही, तो या मंडळींना मिळे. चौघेही गात, वाजवीत आणि रचीत. स्टुअर्टने १९६६ साली माइंडबेंडर्स या मेळ्यातून गाऊन नाव मिळविले होते. गोल्डमनने विशीतच इतरांना लोकप्रिय गाणी लिहून दिली होती. गोडली आणि क्रीम कलाशाळेत शिकलेले. १९७२ पासून त्यांची गाणी गाजू लागली. ‘रबर बुलेट्स’ हे १९७३ साली ब्रिटनमध्ये पहिले आले. पण ही सारी गाणी थट्टेची, विडंबनाची, शब्दांच्या कोलांट्यांची. कोणी साधे प्रेमगीत गाऊ लागले की त्याची टर उडवावी, हा या मंडळींचा स्वभाव.

अशा माणसाच्या घरी एक साधा प्रश्न उभा राहिला. स्टुअर्टने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे की, लग्नाला काही वर्षे झाल्यावर त्याच्या पत्नीने तक्रार केली: ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे, असे तू वरचेवर का म्हणत नाहीस?’ त्याला वाटले, ते शब्द उठल्याबसल्या उच्चारले तर त्यांतला अर्थ झिजून जाईल. मग तेच शब्द न उच्चारता तीच गोष्ट सांगायची कशी? त्यातून त्याला युक्ती सुचली ती उलट्या बाजूने जाण्याची. गाण्यातला पुरुष पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘मी प्रेमात नाही’ एवढेच बजावीत राहतो. तिचे छायाचित्र घरात का लावले, याचेही तो एक लंगडे कारण पुढे करतो. प्रत्येक कारण त्याच्याच विरुद्ध साक्ष देते, आणि हे त्याला सोडून सर्वांना कळते.

स्टुअर्ट आणि गोल्डमन यांनी मिळून गाणे पुरे केले आणि त्याला बोसा नोव्हाची चाल दिली. बोसा नोव्हा म्हणजे ब्राझीलमधील एक हलकी, झुलती लय. चौघांनी ते ध्वनिमुद्रित केले, ऐकले, आणि ते कोणालाच पटले नाही. गोडलीने तर स्पष्टच नाक मुरडले. गाणे रद्द ठरले. एवढेच नव्हे, तर ध्वनिफीतही पुसून टाकण्यात आली.

गाण्याचा इतिहास येथेच संपावयाचा. पण स्टुडिओत वावरणारी साधी माणसे, म्हणजे कचेरीतील मुली, खिडक्या पुसणारा गडी, ते रद्द झालेले गाणे गुणगुणत फिरत आहेत, असे स्टुअर्टच्या ध्यानात आले. या लोकांना कोणी मत विचारले नव्हते. ते काही संगीताचे परीक्षक नव्हते. दाराआडून, जिन्यावरून जे कानी पडले ते त्यांच्या मनात घर करून बसले होते, एवढेच. स्टुअर्टने ही गोष्ट सोबत्यांना सांगितली आणि गाणे पुन्हा विचारासाठी घेतले गेले. चार कसबी कलावंतांनी पुसून टाकलेली वस्तू खिडक्या पुसणाऱ्याने जपून ठेवली! सभ्य गृहस्थहो, ‘लोकांना काय कळते?’ या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

पुन्हा करावयाचे तर कसे? गोडली म्हणाला, वाद्ये नकोतच. सारे आवाजांवर उभे करू. पण शंभर-दीडशे गाणाऱ्यांचा ताफा आणायचा कोठून? क्रीमने तोड सुचविली: फितीची कडी करू. एक स्वर लांबवून गायचा, त्याची फीत कापून तिची दोन टोके जोडायची, म्हणजे ते कडे यंत्रातून अखंड फिरत राहील आणि तो स्वर कधी श्वासासाठी थांबणार नाही. मग तिघे जण, म्हणजे गोल्डमन, गोडली आणि क्रीम, मायक्रोफोनपुढे उभे राहिले आणि एकच स्वर आकारात सोळा वेळा गायले. तीन कंठ, सोळा वेळा. एका स्वरामागे ४८ आवाज झाले. मग पुढचा स्वर, मग त्यापुढचा, अशी सप्तकातील बाराही घरे भरीत गेले. या कामाला तीन आठवडे लागले. काही कडी बारा बारा फूट लांबीची होती. ती ताणून धरण्यासाठी मायक्रोफोनच्या दांड्यावर चाक बसवून त्यावरून फिरविली. हे सारे हात, कात्री आणि चिकटपट्टी यांचे काम होते. संगणकाचा त्यात काही संबंध नव्हता.

पुढची गंमत तर याहून न्यारी. हे निरनिराळे स्वर सोळा मार्गांच्या फितीवर उतरविले, आणि ध्वनिनियंत्रणाच्या टेबलावर प्रत्येक स्वराची एक सरकती पट्टी आली. पट्टी वर सारली की तो स्वर चढे, खाली ओढली की उतरे. चौघेही त्या टेबलाभोवती दाटीवाटीने उभे राहिले आणि पेटीवर बोटे फिरवावीत तशा त्या पट्ट्या हलवून त्यांनी समूहस्वर ‘वाजविला’. पट्ट्या अगदी तळाला जाऊ नयेत म्हणून तेथे चिकटपट्टीचा अडसर लावला होता. त्यामुळे कोणताच स्वर पुरता बंद होत नाही. गाण्याच्या मागे बाराही स्वरांचे एक धूसर वातावरण सतत दरवळत राहते. आपल्या तंबोऱ्यात षड्ज-पंचमाची आस असते. येथे साऱ्या सप्तकाची अंधुक आस आहे. गाणारा माणूस ‘नाही, नाही’ म्हणतो आणि त्याच्या पाठीमागे तिघांच्या कंठांतून निघालेला हा जनसमुदाय न बोलता त्याचे खोटे उघडे पाडतो.

इतर वाद्ये थोडी: विजेचा पियानो, एक गिटार, आणि नाडीच्या ठोक्यासारखा एक मंद ठोका, तोही यंत्रातून काढलेला. स्टुअर्टने नमुना म्हणून जे गाणे गायले होते, तेच पुढे कायम ठेवले गेले. अधिक सफाईने गायला जावे तर तो संकोच हरवला असता. मध्यभागी एक मोकळी जागा राहिली होती. तेथे काय घालावे याचा खल चालू असता, स्टुडिओच्या कचेरीतील एक मुलगी दार किलकिले करून, कामात व्यत्यय नको म्हणून अगदी कुजबुजत्या आवाजात ‘तुमचा टेलिफोन आला आहे’ असे सांगून गेली. क्रीम म्हणाला, हाच तो आवाज! तिला कसेबसे राजी करून मायक्रोफोनपुढे आणले. गाण्याच्या मध्यावर पुरुषाला न रडण्याविषयी समजाविणारी जी स्त्रीची कुजबुज ऐकू येते, ती तिची. ज्या कचेरीतील गुणगुण्याने गाणे वाचले, त्याच कचेरीतील आवाज गाण्याच्या हृदयात जाऊन बसला.

येथवर झाली जन्मकथा, आता प्रकाशन. ही फीत ऐकून फोनोग्राम या बड्या कंपनीने या मंडळींना आपल्याकडे ओढले. त्या कराराच्या संदर्भात दहा लाख डॉलरांचा आकडा सांगितला जातो. मार्च १९७५ मध्ये ‘दि ओरिजिनल साउंडट्रॅक’ ही त्यांची मोठी तबकडी निघाली आणि तीत हे गाणे होते. पण लहान तबकडी म्हणून प्रथम काढले ते दुसरेच, थट्टेचे गाणे. ते सातव्या क्रमांकापर्यंत गेले. ज्या गाण्यासाठी एवढे पैसे मोजले तेच मागे ठेवायचे, ही व्यापारी बुद्धीची गंमत पाहा! अडचण लांबीची होती. सहा मिनिटांचे गाणे रेडिओवर कोण लावणार? वास्तविक बीटल्सचे सात मिनिटांहून लांब गाणे १९६८ सालीच पहिले आले होते. पण धंद्यात अपवादाने धीर येत नाही. तथापि मोठी तबकडी घेणारे लोक त्याच गाण्याविषयी बोलू लागले, विचारणा वाढली, आणि मे १९७५ मध्ये ते स्वतंत्रपणे निघाले. अमेरिकेतील रेडिओसाठी ते कातरून चार मिनिटांच्या आत बसविण्यात आले.

त्या वेळचे ब्रिटन सुखात होते असे समजू नका. त्या वर्षी तेथे महागाई शेकडा २४ च्या वेगाने चढत होती. ५ जूनला युरोपीय बाजारपेठेत राहावे की न राहावे यावर सार्वमत झाले होते. जूनमध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर कोणते गाणे होते, हे सांगितले तर आपल्या नाशिककरांना मौज वाटेल. बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर एक विनोदी मालिका चालू होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या शेजारच्या देवळाली छावणीत सैनिकांची करमणूक करणाऱ्या गोऱ्या सोजिरांची ती गोष्ट. तिच्यातील दोन नटांनी आपापल्या भूमिकेतच एक जुने गाणे गायले होते आणि विलायतेने ते डोक्यावर घेतले होते. २८ जूनच्या क्रमवारीत देवळालीच्या या सोजिरांना खाली सारून टेन सीसींचे गाणे पहिले आले आणि दोन आठवडे तेथे राहिले. आपल्या देशात २५ जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली होती. त्या आठवड्यात इकडे कोणी चोरून बी.बी.सी. लावली असेल तर ती बातम्यांसाठी, गाण्यांसाठी नव्हे.

अमेरिकेत बिलबोर्ड साप्ताहिकाची क्रमवारी तबकड्यांचा खप आणि रेडिओवरील वादन या दोहोंवर बेतलेली. तेथे २६ जुलैपासून तीन आठवडे हे गाणे दुसऱ्या क्रमांकावर राहिले. मौज अशी की, या तीन आठवड्यांत पहिल्या जागेवर तीन वेगळी गाणी येऊन गेली: एक व्हॅन मकॉयचे, एक ईगल्सचे, एक बी जीजचे. पाहुणे बदलले, पण पाट काही मिळाला नाही. त्यांतली दोन तर सरळ नाचाची गाणी. पुढच्या वर्षी, १९७६ मध्ये, ब्रिटनमधील गीतरचनेची आयव्हर नोव्हेलो पारितोषिके या गाण्याला तीन मिळाली.

आता मूळ प्रश्न. लोकांना या गाण्यात काय मिळाले?

याचे उत्तर आमच्या मते आपल्याच घरी आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त सांगून ठेवले आहे की, काव्याचा आत्मा वाच्यार्थात नसतो, ध्वनीत असतो, आणि तो सूचित अर्थ कधी कधी वाच्यार्थाच्या थेट उलटही असतो. शब्दांनी ‘ये’ म्हटलेले असावे आणि अर्थ ‘येऊ नकोस’ असा निघावा, किंवा निषेधाच्या पोटात निमंत्रण असावे, अशी उदाहरणे त्याने दिली आहेत. हे ओळखणारा जो, तो सहृदय. शास्त्रकारांच्या मनात हा सहृदय म्हणजे काव्याच्या अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे असा रसिक. परंतु १९७५ साली तबकडी घेण्यासाठी रांगेत उभे राहिलेल्या कारकुनांनी आणि दुकानांतील मुलींनी आनंदवर्धनाचे नावही ऐकलेले नव्हते. तरी त्यांतल्या बहुतेकांना ‘नाही’चा अर्थ ‘होय’ आहे हे पहिल्याच ऐकण्यात उमगले. तेव्हा सहृदयता ही काही पाठशाळेची मिरास नव्हे. ज्याला कधी मनातली गोष्ट बोलता आलेली नाही, तो प्रत्येक जण या एका विषयापुरता सहृदय आहे.

पण येथे आम्हांला स्वतःच्याच उत्साहाला थोडा लगाम घातला पाहिजे. लोकप्रियतेचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकणे बरे नव्हे. हे मृदू संगीत पुढे दुकानांत, उद्वाहकांत, दंतवैद्यांच्या दिवाणखान्यांत झिरपत गेले आणि त्याचे भिंतीवरच्या रंगासारखे झाले. असते, पण कोणी पाहत नाही. या गाण्याच्याही वाट्याला तो भोग आला. शब्द फार वापरले की झिजतात, या भीतीतून जन्मलेले गाणेच फार वाजून झिजले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो स्त्रियांच्या बाजूने आहे. ‘मी बोलत नाही, पण तू समजून घे,’ ही पुरुषांची जुनी सबब. आपल्याकडेही चाळीस वर्षांच्या संसारात एक गोड शब्द न बोललेले गृहस्थ ‘न बोलण्यातच आमचे प्रेम’ असे अभिमानाने सांगतात, आणि घरातली बाई ते शहाणपणाने ऐकून घेते. समजून घेण्याचे सारे कष्ट एकाच बाजूला. टोरी एमॉस या गायिकेने २००१ साली पुरुषांनी लिहिलेली गाणी स्त्रीच्या मुखी घालून एक संग्रह काढला, त्यात हेही गाणे घेतले. एवढ्या एका बदलाने ते अंगावर येते. कारण तोच नकार स्त्रीच्या तोंडून आला की त्याला लाडका हट्ट कोणी म्हणत नाही. आमचे मत असे की, गाणे या पुरुषाची वकिली करीत नाही. ते त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करते. त्याची थापेबाजी आपल्याला गोड वाटते ती चालीमुळे. चाल काढून नुसते शब्द वाचा, म्हणजे तो किती भित्रा आहे ते दिसेल.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९७६ मध्येच गोडली आणि क्रीम बाहेर पडले आणि चौघांचा मेळ मोडला. स्ट्रॉबेरी स्टुडिओ १९९३ साली बंद झाला. गाणे मात्र राहिले. २०१४ साली ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ हा अवकाशातील साहसांचा हॉलीवूडपट निघाला. त्याच्या आरंभी इस्पितळात खोलीबाहेर एक लहान मुलगा कानाला यंत्र लावून बसला आहे, आत त्याची आई मरणाच्या दारात आहे, आणि तो जे ऐकत आहे ते हेच गाणे. १९७५ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुलांनी ते तेथे प्रथम ऐकले. प्रियकराचा नकार आता पोराचा झाला: आईचा मृत्यू मान्य करण्यास नकार. शब्द तेच, अर्थ निराळा, आणि तोही प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावा लागला नाही.

सभ्य स्त्रीपुरुषहो, चौघांनी गाणे पुसले, कंपनीने मागे ठेवले, रेडिओसाठी कातरले. प्रत्येक वेळी ज्यांचे मत कोणी विचारले नव्हते अशांनी ते उचलून धरले. लोक नेहमीच बरोबर असतात असे आमचे म्हणणे नाही. त्या आधीच्या तीन आठवड्यांचे आमचे देवळालीचे सोजीर त्याला साक्ष आहेत! पण खिडक्या पुसणारा माणूस काय गुणगुणतो, हे एकदा थांबून ऐकावे एवढे तरी कलावंताने, व्यापाऱ्याने आणि टीकाकाराने त्याचे देणे लागते.

आणि त्या घरातला प्रश्न? ‘तू म्हणत का नाहीस?’ असे पत्नीने विचारले, आणि नवऱ्याने तीन आठवडे खपून, तीन कंठांचे शेकडो आवाज करून जगाला उत्तर ऐकविले. उत्तर फार सुंदर आहे. तरीही आज येथून घरी परतल्यावर कोणी हा प्रश्न विचारलाच, तर आपण एवढा खटाटोप न करता ते साधे तीन-चार शब्द बोलून टाकावेत, अशी आमची नम्र सूचना आहे. आपणांपैकी बहुतेकांना स्टुडिओ नाही.